सहलीला न गेलेल्या मुलाने लिहिलेला निबंध

बार्शीकर_७४ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

धाकटा सहावीत आहे. शाळेने उपक्रम दिलाय, आईवडिलांच्या लहानपणाची मुलाखत घ्या, दहा प्रश्न. नऊ झाले. विहिरीत पोहायला कसा शिकलो, चिंचा कुणाच्या पाडल्या, सुरपारंब्या, सगळं रंगवून सांगितलं. दहावा प्रश्न निघाला, 'तुमच्या शाळेच्या सहलीची एक आठवण सांगा.' म्हटलं उद्या सांगतो. त्याला आता चार दिवस झाले.

१९८७ सालची गोष्ट. बार्शी, सातवी. वडील (आम्ही आण्णा म्हणायचो) मार्केट यार्डात हमाल, आई डाळ मिलमध्ये निवडायला. सहल ठरली वेरूळ, दौलताबाद, पैठण. एसटीची गाडी, पंचावन्न रुपये आणि घरचा डबा. मी घरी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आण्णांनी कुठूनतरी आणलेच असते, आणि कुठून आणले असते तेही मला माहीत होतं. शाळेत सांगितलं, मावशीचं लग्न आहे. घरी सांगितलं, सहल रद्द झाली. दोन्हीकडे पटलं.

त्या दिवशी पहाटे गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. पोरं गाणी म्हणत होती. मी गोधडीत. आई चूल पेटवता पेटवता म्हणाली, "कसली रे गाडी एवढ्या पहाटे?" मी म्हटलं, वऱ्हाड असेल.

पुढे चाचणीत निबंध आला, 'आमची सहल'. दहा गुण. दुसरा पर्याय होता 'फळ्याचे मनोगत'. तो लिहायला हवा होता, हे आजही वाटतं. पण सहलीहून आलेल्या पोरांनी आठवडाभर दुसरं काही बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे माल भरपूर होता. दौलताबादच्या अंधारीत कुणाची टोपी गेली, मेंढा तोफेवर कोण चढलं, कैलास लेण्यातले हत्ती, सगळं घातलं. पैठणबद्दल मात्र पोरं फारशी बोलली नव्हती. का बोलली नाहीत याचा मी विचार केला नाही. तिथलं मनानेच लिहिलं. नाथसागराचे २७ दरवाजे मी स्वतः मोजले. संध्याकाळी बागेत कारंजी लागली, आधी हिरवी, मग लाल. तुषारांनी माझा सदरा भिजला, आई रागवेल म्हणून मी तो गाडीच्या खिडकीत धरून वाळवला.

सरांनी पेपर वाटताना माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. मी मान खाली घालून बसलेलो, पण आतून टम्म फुगलेला. पैठणचा परिच्छेद आला आणि मागच्या बाकांवरून हसू सुरू झालं. दौलताबादहून निघाल्यावर गाडी बिघडली होती. पाच तास रस्त्यात. पैठण रद्द करून मंडळी थेट घरी आली होती. पैठण झालंच नव्हतं! त्यात एक जण उभा राहून ओरडला, "सर, हा तर आलाच नव्हता!"

दहावीपर्यंत माझं नाव 'पैठण'. "ए पैठण, कारंजं लागलं का?"

तर प्रश्न दोन. मुलाला हे सांगावं का? आणि तुमच्याकडे असं काही आहे का, जे किस्सा म्हणून कधीच कुणाला सांगितलं नाही?

---

तिरकस

निबंधाला मार्क किती मिळाले?

---

फणसाचा_गरा

वाचून गलबललं. पण खिडकीत सदरा वाळवण्याला मात्र दाद. खोटं असं तपशीलवार असावं.

---

चाळकरी_सुमा

आमची लालबागची चाळ. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातले एक आमचे बाबा. पहिले दोन महिने आम्हाला मजाच वाटली. बाबा दिवसाउजेडी घरात दिसायचे, गॅलरीत पत्ते कुटायचे. मग आईने लोकांच्या पोळ्या लाटायला घेतल्या. संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही, त्यामुळे आमच्या घरात तो कधी संपला हे मलाही नेमकं सांगता येत नाही.

वाण्याकडे उधारीची वही घेऊन मला पाठवायचे. मोठ्या भावाला नाही, मला. लहान मुलीला वाणी तोंडावर नाही म्हणणार नाही, हे आईचं गणित. गणित बरोबरच होतं. तो नाही म्हणायचाच नाही. "तू जरा बाजूला थांब गं," म्हणायचा. मग रोखीची गिऱ्हाइकं यायची, जायची. बाजूला म्हणजे तेलाच्या पंपापाशी. त्या पंपाच्या नळीखाली एक डबडं ठेवलेलं असायचं, ठिबकणारं तेल वाया जाऊ नये म्हणून. मी आल्यावर तेल कुठवर होतं आणि आता कुठवर आलंय, त्यावरून मला कळायचं किती वेळ झाला ते.

एकदा वर्गातली मैत्रीण तिच्या बाबांबरोबर आली. "तू इथे काय करतेस?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमचंच दुकान आहे." वाण्याने ऐकलं. माझे हातपाय गार. तो वजन करता करता म्हणाला, "ताई, दे तिला त्या बरणीतली एक गोळी." मी बरणी उघडून तिला लिमलेटची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी गेले तर पुन्हा, "तू जरा बाजूला थांब गं."

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता तो इथे सदस्य नसावा अशी आशा.

---

सुमाचा_नवरा_नाही

नाहीये.

---

तिरकस

=)) हा आयडी आज काढला की काय!

बार्शीकर, मार्क?

---

गोठलेला_पुणेकर

स्टॉकहोममधून लिहितोय. आमच्याकडे लाजेचा विषय म्हणजे बूट. पीटीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे, आणि माझे चुलतभावाकडून आलेले, दोन नंबर मोठे. पुढे कागद कोंबायचा. पांढरे दिसावेत म्हणून ओल्या खडूने रंगवायचे. कवायत सुरू झाली की प्रत्येक 'दहिने मूड'ला माझ्या पायाखालून धूर.

आता इथे चांगलं चाललंय, पण प्लॅस्टिकची पिशवी टाकवत नाही. पिशव्यांची एक पिशवी आहे, आणि त्या पिशवीचीही एक पिशवी आहे. बायको म्हणते, तुझ्यातला गरीब अजून इमिग्रेशनच्या रांगेतच उभा आहे.

---

फणसाचा_गरा

पिशव्यांची पिशवी हा गरिबीचा पुरावा धरला तर आमची अख्खी सोसायटी दारिद्र्यरेषेखाली जाईल. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांचं कपाट असलेल्यांनी हात वर करा.

---

मीनल_प

मी वर केला.

पण धाग्याच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. सांगू नका. आमच्या बाबांनी आम्हाला सगळं सांगितलं. रोज सांगितलं. कंदील, अनवाणी पाय, एक वही खोडून दुसऱ्यांदा वापरणं. मी ताटात चार घास टाकले की कंदील पेटायचा. नवीन दप्तर मागितलं की अनवाणी पाय चालू लागायचे. त्यांची गरिबी खरी होती, पण आमच्या घरात ती छडीसारखी कोपऱ्यात उभी असायची. मुलाला त्याच्या नव्या बुटांची लाज वाटायला लावण्यात काय मिळवणार आपण?

---

बार्शीकर_७४

मीनलताई, अगदी हेच भय आहे. थोरल्याला मी असंच एकदा सुनावलं होतं, मोबाइल फोडला तेव्हा. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे पैसे नव्हते यात माझी काय चूक?" उत्तर नव्हतं.

---

तिसरी_रांग

धागा चांगला चाललाय, थोडा मिठाचा खडा टाकतो.

आमच्या वर्गात जून-जुलैत याद्या वाचल्या जायच्या. आधी 'ईबीसीवाले उभे राहा', म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून सवलत मिळणारे. दहा-बारा मुलं उभी राहायची, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणला का विचारायचे, की बसायची. वर्ग गप्प. मग 'स्कॉलरशिपवाले'. आता कुजबुज. आम्ही तिघंच. 'सरकारचे जावई' हा शब्द मी पाचवीत पहिल्यांदा ऐकला आणि घरी येऊन आईला विचारलं, की माझं लग्न ठरलंय का.

गंमत म्हणजे आम्ही तेवढे गरीब नव्हतोच. वडील रेल्वेत, दर महिन्याला पगार. उभं राहिलेल्या ईबीसीवाल्यांपैकी निम्म्यांपेक्षा आमचं घर बरं चालायचं. माझ्या डब्यात अंडं असायचं. पण पहिल्या रांगेला 'बिच्चारे' मिळायचं आणि आम्हाला हसू. बार्शीकर, तुमचं 'पैठण' दहावीला सुटलं. आमचं जे नाव पडलं ते कंपनीच्या कँटीनपर्यंत आलं. गेल्या वर्षी बढती मिळाली तेव्हा एक सहकारी हसत हसत म्हणाला, "तुमचं काय बाबा, बरंय तुमचं." तोच आवाज. तीच पाचवी.

लाजेच्या गोष्टी सांगताना कोण कुठल्या यादीत उभा होता हेही सांगत चला, एवढंच.

---

रोखठोक_देसाई

झालं. आला मुद्दा जातीवर. गरिबीला जात नसते हो.

---

चाळकरी_सुमा

गरिबीला नसेल, यादीला होती. ते शाळेत काय वाचलं जायचं ते सांगतायत.

---

रोखठोक_देसाई

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

अण्णा_माणदेशी

माझं वय ६४. माण तालुका. १९७२च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, मी बरोबर. हातोडीने बोटं फुटायची, त्यावर चिंधी. कामावर सुकडी मिळायची, गोडसर पीठ. ती कोरडीच तोंडात टाकून गप्प बसायचं, बोललं की खोकला. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी विटेच्या रंगाची, थापताना तुटायची. पुढे १९७७ला रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ त्या खडीच्या ढिगात आहे, असं आम्ही म्हणतो.

आता नीट वाचा. मला त्या वर्षी लाज वाटल्याचं एकदाही आठवत नाही. भूक आठवते. पाण्यासाठी आईची झालेली भांडणं आठवतात. पण लाज नाही. कारण आमच्या गावच्या पाटलीणबाई त्याच खडीवर होत्या, पदर पुढे ओढून. अख्खं गाव एका रांगेत उभं असलं की कुणी कुणाकडं बघत नाही.

पुढे साताऱ्याला वसतिगृहात 'कमवा आणि शिका'त शिकलो. बागेला पाणी घालायचं, मग वर्गात बसायचं. तिथंही सगळे आमच्यासारखेच. लाज कधी वाटली सांगू? पुण्यात नोकरीला लागल्यावर. बाविशीचा घोडा. साहेबांनी घरी जेवायला बोलावलं. चांगली पंगत, रांगोळी. मी सवयीनं पोळी आमटीत कुस्करली, भाकरी कुस्करतात तशी, पाची बोटांनी. साहेबांच्या लहान मुलीनं आईकडं बघितलं. आईनं डोळ्यानंच तिला दाबलं. कुणी काही बोललं नाही. पाच सेकंदांचा मामला. मी आजतागायत कुणाच्या घरी आमटी मागून घेत नाही.

तेव्हा गरिबी आणि लाज ही दोन वेगळी खाती आहेत. एकाचं व्याज दुसऱ्यात जमा करू नये.

---

तिसरी_रांग

अण्णा, दंडवत. डोळ्यानं दाबणं हा प्रकार चांगला ओळखीचा आहे.

---

मीनल_प

मुलगी बिचारी आता पन्नाशीची असेल. तिला हे आठवतही नसेल.

---

अण्णा_माणदेशी

नसणारच. असं ते एकाच बाजूला टिकतं.

---

गोठलेला_पुणेकर

अवांतर: दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे, हा प्रकार कुणाकडे होता? आम्ही चौघं फोटोत बँडवाले दिसतो.

---

फणसाचा_गरा

आमच्याकडे उरलेल्या कापडाचे पडदे. भाऊ पडद्यासमोर उभा राहिला की सापडायचा नाही.

---

आडवळण

आणि चड्डीच्या मागची दोन ठिगळं! 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' हे पोरांचं ठरलेलं वाक्य. मी पाठ भिंतीला लावूनच मोठा झालो. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की येत असूनही येत नाही म्हणायचो. गणितात कच्चा अशी ख्याती झाली. पुढे बँकेत लागलो, तेव्हा गणिताच्या सरांना धक्का बसला.

---

झेडपीचा_मास्तर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एकवीस वर्षं प्राथमिक शिक्षक. दोन गोष्टी लिहितो.

एक. निबंध वाचणाऱ्या सरांवर अजून कुणी बोललं नाही म्हणून. पन्नास-साठ पेपर तपासताना कोण सहलीला आला नि कोण नाही, हे हाताला लक्षात राहत नाही. पण पैठण झालंच नाही हे त्यांना माहीत होतंच, ते स्वतः त्या बिघडलेल्या गाडीत पाच तास बसले असणार. तरी त्यांनी तो परिच्छेद वाचला. एकतर न बघता वाचत गेले आणि अडकले, किंवा बघूनच वाचला. माझा स्वतःचा अंदाज सांगू? निबंध चांगला होता, मोह आवरला नाही. आम्हा मास्तरांची ही खोड आहे. चांगलं वाक्य दिसलं की त्याच्यामागचं पोरगं दिसत नाही.

दोन. याद्या. आमच्याकडे अनेक वर्षं मोफत गणवेश सगळ्या मुलींना, आणि मुलांमध्ये अनुसूचित जाती-जमातीची व दारिद्र्यरेषेखालची, अशी वाटणी होती. म्हणजे एकाच बाकावर एकाला नवा गणवेश आणि दुसऱ्याला नाही, आणि दुसऱ्याची चड्डी जास्त फाटकी. ते वाटायचं काम माझं. एका पोराने विचारलं, "गुर्जी, माझं माप घ्यायचं राहिलं." काय सांगणार? दोन वर्षं गावातल्या शिंप्याकडे उधारी केली.

सहलीचे पैसे मी आता असे घेतो. सगळ्यांना सारखी पाकिटं देतो. सगळ्यांनी चिकटवून पेटीत टाकायची. भरलेलं टाका, अर्धं टाका, रिकामं टाका, नाव लिहायचं नाही. जमतील तेवढ्यात सहल. कमी पडले तर जवळचं ठिकाण. एका वर्षी तालुक्याच्या ठिकाणचा दूध संघ बघून आलो, पोरं खूश.

आणि हो, एका वर्षी एका पाकिटात चिंचोके निघाले. खडखड वाजावं म्हणून घातले होते.

---

चाळकरी_सुमा

चिंचोके. मास्तर, हे वाचून मी फोन खाली ठेवला थोडा वेळ.

---

तिरकस

मास्तरांशी असहमत. ते सर दुष्ट होते किंवा थोर होते. मधलं काही नको. आणि याचा निकाल मार्कांवरून लागतो, म्हणून केव्हाचा विचारतोय.

---

उसाची_पोर

मी बीड जिल्ह्यातली. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आमचं घर दिवाळी झाली की निघायचं. आईदादांचा एक कोयता, म्हणजे दोघं मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत परत यायचं नाही. शेजारच्या मैत्रिणीला मी सांगायचे, मामाच्या गावाला चाललेय. पाच महिन्यांसाठी मामाच्या गावाला कोण जातं? पण ती पण तेच सांगायची. तिचे पण आईवडील तोडीलाच.

कारखान्याच्या रानात आमच्या कोप्या असायच्या. मी सकाळी धाकट्या भावाला सांभाळायचे, दुपारी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला रस्त्यावर बसायचे. दहा-अकरा वर्षांची असेन.

आता सहलीचं. त्या कारखान्यावर शाळांच्या सहली यायच्या. साखर कशी तयार होते ते बघायला. पोरांना कागदावर गरम साखर द्यायचे, ती चाटत चाटत बाहेर यायची. एक दिवस अशी एक सहल गाड्यांच्या तळावरून चालली होती, सगळ्या पोरी निळ्या फ्रॉकात, दोन दोनच्या रांगेत. मी भावाला कडेवर घेऊन बघत होते. त्यांच्या बाई थांबल्या. माझ्याकडे बोट नाही केलं, हनुवटी केली. म्हणाल्या, "बघा, शाळेत लक्ष दिलं नाही तर काय होतं."

बार्शीकर दादा, तुम्ही सहलीला गेला नव्हता. मी लोकांच्या सहलीत बघायची वस्तू होते.

माझं शाळेत लक्ष होतं. शाळाच पाच महिने नव्हती. पुढच्या वर्षी आजीनं हट्टानं मला गावी ठेवून घेतलं, आमच्याकडं हंगामी वसतिगृह चालू झालं होतं तिथं जेवायचे. आता नर्स आहे. त्या बाई कधी दवाखान्यात आल्या तर ओळखीन का, माहीत नाही. इंजेक्शन नीटच देईन.

---

आडवळण

(काही लिहायला सुचत नाही. फक्त वाचलं हे कळावं म्हणून.)

---

अण्णा_माणदेशी

पोरी, हनुवटी केली हे तू लिहिलंस म्हणून मला ती बाई दिसली.

---

रोखठोक_देसाई

वरचा माझा प्रतिसाद मी काढला आहे. तिसरी_रांग, आमची आईसुद्धा बाई होती शाळेत, याद्या तीच वाचायची. काल फोनवर विचारलं. म्हणाली, "वरून फॉर्मच तसा यायचा रे, आम्ही काय करणार?" थोड्या वेळाने पुन्हा फोन केला तिने. म्हणाली, "ऑफिसात एकेकाला बोलवून विचारता आलं असतं." एवढंच सांगायचं होतं.

---

तिसरी_रांग

देसाई, आईंना नमस्कार सांगा. दुसरा फोन करायला बरंच काही लागतं.

---

मीनल_प

धागाकर्ते कुठे गेले? मुलाखतीची मुदत संपली असेल.

---

बार्शीकर_७४

आलो. गावी गेलो होतो. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. एकेकाला उत्तर द्यायची माझी लायकी नाही, जे राहिलं ते सांगतो.

आण्णांना कळलं होतं. यार्डात एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोराला सहलीला का नाही धाडलं?" आण्णा काही बोलले नाहीत, तिथेही नाही, घरी येऊनही नाही. पुढच्या वर्षी आठवीची सहल निघाली. नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतः शाळेत आले. पाठीला तुरीचा कोंडा, खांद्यावर रुमाल तसाच, हमालीचा आकडा कमरेला. सगळ्या वर्गादेखत सरांच्या टेबलावर पैसे मोजून ठेवले. एक आणि दोनच्या नोटा, त्यामुळे मोजायला वेळ लागला. पोरं बघत होती. आणि मला लाज कधी वाटली विचाराल तर तेव्हा वाटली. निबंधापेक्षा जास्त. मी खिडकीबाहेर बघत बसलो. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. मी बघितलं नाही.

आण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलाला सहलीची गोष्ट सांगायला अडत होतो ती निबंधामुळे नाही, हे मला उसाची_पोर यांचा प्रतिसाद वाचताना कळलं.

त्या सहलीला गेलो. पन्हाळा, कोल्हापूर. काय पाहिलं ते विचाराल तर रंकाळ्यावरची भेळ सोडून काही आठवत नाही. पैठणची कारंजी मात्र अजून दिसतात. आधी हिरवी, मग लाल.

धाकट्याला परवा रात्री दोन्ही गोष्टी सांगितल्या. छडी न करता, जमेल तसं. तो ऐकत होता आणि लिहीत होता. वहीत वाचलं तर एकच ओळ, 'बाबा सहलीला गेले नव्हते पण त्यांनी निबंध लिहिला.' मग विचारलं, "आजोबांनी नंतर काही म्हटलं का?" मी म्हटलं नाही. "आणि पैठणला गेलात का नंतर?" आता गंमत बघा. बार्शीहून संभाजीनगरला पन्नास वेळा गेलो असेन. पाचोडचा फाटा दर वेळी लागतो. कधी वळलो नाही.

आणि तिरकस, दहापैकी नऊ.

---

तिरकस

नऊ! म्हणजे तपासताना त्यांनी पैठणसकट वाचला होता, आणि तरी नऊ. मास्तर, माझी हरकत मागे. एक कशाचा कापला?

---

बार्शीकर_७४

'कारंजी'तला जी ऱ्हस्व काढला होता. खाली लाल शाईत दीर्घ करून दिला होता.

---

झेडपीचा_मास्तर

म्हणजे बघूनच वाचला.

---

तिरकस

मग थोर की दुष्ट?

---

झेडपीचा_मास्तर

मास्तर.

---

उसाची_पोर

दादा, धाकट्याला घेऊन पैठणला जाणार असाल तर गेवराईवरूनच जाल. मी तिथंच असते. रविवारी सुट्टी असते मला. दरवाजे मोजायला एक माणूस जास्त असलेलं बरं, सत्तावीस म्हणजे चुकतात.